गाणारी दम घेते तेव्हा

सेक्टर २, भिलाई
८ सप्टेंबर

वंदनाताई,

फोन तू उचलत नाहीस, मेसेजवर एकच टिक येते, म्हणून पत्र. मागच्या वर्षी तू आईला साडी पाठवली होतीस, त्या पाकिटावरून पत्ता उतरवून घेतला. गोरेगावची ती खोली अजून तुझीच आहे असं धरून चालते. मराठीत लिहिते आहे. आपण भांडायचो हिंदीत, त्यामुळे मराठीत लिहिलं की मला जरा शांत राहता येतं.

कामाचं सांगते. ४ ऑक्टोबरला मुंबईत माझी ढोलकची टेस्ट आहे, अंधेरीला, गौरव सरांच्या स्टुडिओत. नंबर तूच दिला होतास, दोन वर्षांपूर्वी: "यांना ढोलक लागते, बोलून बघ." तेव्हा माझं बी.ए.चं शेवटचं वर्ष चालू होतं, हिंमत झाली नाही. आता बोलले. त्यांनी गणपतीतले दोन व्हिडिओ मागवले आणि ये म्हणाले. जमलं तर दिवाळीनंतर मुंबईतच राहावं लागेल. तिथे बोलावणं दोन तास आधी येतं, आणि भिलाईतून दोन तासांत रायपूरपर्यंत जाऊन परत येता येतं, तेवढंच.

मला तुझ्याकडे दोन रात्री झोपायला जागा हवी. पुढचं पुढे पाहू.

घरचं: बाबा ३० तारखेला स्टील प्लांटमधून रिटायर होतात. मग क्वार्टर सोडून कुरुदच्या घरात जायचं. तिथे अजून खिडक्यांना पल्ले नाहीत. बाबांच्या मते मी इथल्याच एखाद्या शाळेत संगीत शिकवावं आणि कुरुदहून स्कूटीने जावं-यावं. मुंबईचं काढलं तेव्हा आधी टीव्हीचा आवाज कमी केला. मग म्हणाले, "वंदी हाये ना तिथं? मंग जाय. वंदी नसती तं मी सोडलं नसतं."

मी म्हणाले, ताईने हो म्हटलंय.

तू अजून म्हटलेलं नाहीस. तेवढं म्हण.

तुझी
निशा

---

सेक्टर २, भिलाई
१७ सप्टेंबर

वंदनाताई,

तुझा मेसेज मिळाला. नवीन नंबर, नाव नाही, सहा शब्द. "येऊ नकोस. मी सांगेन तेव्हाच ये." मी त्यावर फोन केला तर बंद.

पाच वर्षं मी तुझ्यासाठी सगळ्यांना उत्तरं देते आहे. ताई बिझी आहे, ताईचं रेकॉर्डिंग चालू आहे, ताईच्या फोनला रेंज नसते. मुंबईत रेंज नसते, हे आई अजूनही मान्य करते. तू मला कारण तरी द्यायचं होतंस. खोली लहान आहे, हे सांग. कुणासोबत राहतेस, हेही सांग. मी काय बाबांना सांगणार होते?

आज विश्वकर्मा पूजा होती. बाबांची नोकरीतली शेवटची, म्हणून आईला आणि मला मंडपात घेऊन गेले. सगळ्यांशी ओळख करून देत होते. "ही लहानी. ग्रॅज्युएट हाये, ढोलक वाजवते. मोठी मुंबईले गाते." त्यांच्यातला एक हसत म्हणाला, "कोन्त्या पिक्चरमध्ये गायली, तेजरामभाऊ? आमी पण ऐकू ना." बाबा म्हणाले, "लय गाणे हायेत तिचे. ते लोक नाव नाई लावत, काय करशीन." आणि प्रसादाची बुंदी माझ्या हातावर जरा जास्तच जोरात ठेवली.

पंजाबराव काकांनाही मुंबईचं सांगितलं. तू गेल्यापासून त्यांच्या ऑर्केस्ट्रात गाणारी बाई टिकत नाही. सहा महिने मी ढोलकही वाजवली आणि तुझी गाणीही म्हटली, हे तुला माहीत नसेल. मी वाईट गाते. काकांनी प्लांटमध्ये क्रेनवरची नोकरी करून तीस वर्षं कीबोर्ड वाजवला. त्यांचा ट्रम्पेटवाला कोक ओव्हनवर, बासवाला रेल मिलमध्ये. काका म्हणाले, "पोरी, भिलाईत संगीत म्हंजे ड्युटीनंतरचं काम. तुले ड्युटीच नाई तं नंतर काय करशीन?"

मी म्हणाले, "मले हेच ड्युटी करायची हाय."

ते हसले नाहीत. "मंग हे शहर तुयं नोय," म्हणाले. मला वाटलं होतं थांबवतील.

रिझर्व्हेशन झालं आहे. मी येते आहे. तुझ्याकडे येणार नाही. सकाळी उतरेन, टेस्ट देईन, रात्रीच्या गाडीने परत. बाबांना सांगितलंय की तू स्टेशनवर घ्यायला येणार आहेस. बाबा विचारतील तेव्हा हे खोटं कसं निभवायचं ते मी बघते. तू तुझं बघ.

निशा

---

गाडीत, भुसावळ सोडल्यानंतर
५ ऑक्टोबर

ताई,

डबा हलतो आहे, अक्षर समजून घे. समोरच्या बाई दोनदा विचारून झाल्या की ढोलकच्या पिशवीत काय आहे. मी बाळ म्हणाले. त्यांनी पाय आवरून घेतले.

टेस्ट झाली. गौरव सर वाईट माणूस नाही, आधीच सांगते. पाणी दिलं, ढोलक नीट गरम होऊ दिली, काचेच्या पलीकडून अंगठा दाखवला. कानावर हेडफोन चढवले. एका कानात टिकटिक, तिला ते क्लिक म्हणतात. ती घड्याळासारखी चालू राहते आणि सगळ्यांनी तिच्यावर वाजवायचं. दुसऱ्या कानात तंबोरा, थोडी गिटार. मग गाणारी आली.

पहिल्याच ओळीला माझी थाप चुकली.

ताई, ती तू होतीस.

देवीचं गाणं होतं, शब्द मला नवे होते. पण ओळ संपवताना दम पार संपेपर्यंत ओढायची आणि मग घाईघाईने श्वास घ्यायचा, हे दुसरं कोण करतं? मी ढोलक वाजवायला शिकले ती त्या श्वासावर. शिवाय आपल्या ऑर्केस्ट्राची रीत तुला माहीत आहे. गाणारे सगळे शिफ्ट संपवून धावत येणारे. काका पहिल्या दिवशी मला म्हणाले होते, "तो मानूस भट्टीवरून आला हाये. त्याले दम घेऊ दे, तवर बाया घासत राय." म्हणून आपल्याकडे गाणाऱ्याचा श्वास होईपर्यंत ढोलकवाला डाव्या पुडीवर हात घासत घिस्सा लांबवतो आणि गाणारा परत आला की समेवर उतरतो. कुणालाच त्यात चूक वाटत नाही. मीही तेच केलं. तू श्वास घेतलास, मी थांबले. तू आलीस, मी आले. दोन्ही अंतरे तसेच वाजवले.

सरांनी थांबवलं. "निशा, क्लिक सोडलास तू. दोन्ही अंतऱ्यांत. काय झालं?"

"गाणारी दम घेत होती," मी म्हणाले.

"कुठली गाणारी?" त्यांना खरंच समजेना. मग हसले. "अगं, ते स्क्रॅच आहे. मेन सिंगर ते ऐकून चाल शिकणार आणि गाणार, मग हे आपण उडवून टाकतो. जो आवाज राहणारच नाही त्याच्यासाठी थांबतेस कशाला? टिकटिक ऐक फक्त." आणि मग, "पण तू हे गाणं आधी ऐकलंयस का? ती दम कुठे घेणार हे तुला आधीच कळत होतं."

"अंदाजाने," मी म्हणाले.

"व्हॉइस बंद करू? सोपं जाईल."

मी म्हणाले, नको, राहू द्या.

आणि दुसऱ्यांदा मी तुला सोडून वाजवलं. तू कानात होतीस. तुझा दम संपत होता ते ऐकू येत होतं आणि मी टिकटिकीवर पुढे निघून जात होते. एकही थाप हलली नाही. सर म्हणाले, "हे! हे पाहिजे." दिवाळीनंतर ये, काम आहे, पण पक्कं काय ते दिवाळीच्या आत कळव, कारण आणखी एक मुलगा आहे.

निघताना मी विचारलं, ती गाणारी कोण आहे? "वंदू," ते म्हणाले. "चांगली मुलगी आहे. वेळेवर येते."

तुझ्याकडे यायला वेळ नव्हता. गाडी होती.

निशा

---

कुरुद
१३ ऑक्टोबर

ताई,

वेळ होता. चार तास होते.

मी गोरेगावला आले होते. तुझ्या बिल्डिंगसमोर रसवाल्याच्या टपरीला टेकून उभी राहिले. तू आलीस. डोक्यावर ओढणी, हातात कोथिंबिरीची पिशवी, कानात वायर. चालताना एकच ओळ पुन्हा पुन्हा म्हणत होतीस, ओठ हलत होते. बारीक झाली आहेस. मी हाक मारली नाही. हाक मारली असती तर तुला माझ्यासमोर काहीतरी सांगावं लागलं असतं, आणि जे काही सांगितलं असतंस ते मला स्टुडिओतून आधीच माहीत होतं.

मला तुझी लाज वाटली असं तुला वाटेल. तसं नाही. मला भीती वाटली ती माझी. सांगते.

परत आले त्याच दिवशी पंजाबराव काका कुरुदला आले. वडशाच्या एका नाटक मंडळाचा ढोलकवाला सीझनच्या तोंडावर सोडून गेला होता. झाडीपट्टीची नाटकं तुला आठवतात, बाबा लाखांदूरच्या लहानपणची सांगायचे ती: दिवाळीपासून होळीपर्यंत गावोगाव, मांडव घालून, रात्रभर, आणि गाणी सगळी समोर बसून वाजवलेली. काकांनी माझं नाव सांगून टाकलं होतं. मी म्हटलं, बघून येते. गोंदियाला गाडी बदलून वडशाला गेले. स्टेशनबाहेर रस्त्याच्या दोन्ही अंगांना नाटक मंडळांच्या कचेऱ्या, प्रत्येकीवर नट्यांचे फोटो असलेले बोर्ड, जणू डॉक्टरांच्या पाट्या.

मॅनेजर कवडूभाऊ. वर न बघता म्हणाले, "भिलाईची म्हंते. मराठी येते का हिंदीच?"

"दोनी येतात."

"रातभर वाजवता येते का?"

"येते."

"झोप लागली तं?"

"तुमचं नाटक चांगलं असन तं नाई लागत," मी म्हणाले. तेव्हा त्यांनी वर पाहिलं.

तालीम चालू होती. अंजनाबाई नावाच्या त्यांच्या जुन्या नटी, पन्नाशीच्या, गुडघ्याला क्रेप बँडेज. त्या गात होत्या, मी वाजवत होते. दुसऱ्या कडव्याला त्यांनी एकदम हात वर केला आणि थांबल्या. "ओ बाई! गाडी सुटून राहिली का तुयी? मी दम घेतला तं तू पुढं कावून पळून राहिली?"

सगळे हसले. मी नाही हसले. माझा डावा हात थांबलाच नव्हता. त्यांना दम लागलेला मला ऐकू आला होता आणि तरी हात पुढे गेला होता. लहानपणापासून शिकलेलं, आणि मुंबईत एका दुपारी, एका गाण्यात, ते निघून गेलं होतं. आणि खरं सांगू, जे कुणालाच सांगितलं नाही? ती दुसरी टेक वाजवताना मला आवडलं होतं. इतकं स्वच्छ मी आयुष्यात कधी वाजवलं नव्हतं. सरांचा तो "हे!" गाडीत रात्रभर माझ्या डोक्यात होता.

इतके दिवस मी शहरांकडे असं बघत होते की कुठे काम मिळेल, कुठे नाव होईल, कुठे मुलगी एकटी राहू शकेल. वडशात बसल्या बसल्या कळलं की शहर हातात शिरतं. मी जिथे राहीन तसं वाजवेन, आणि मग मला आठवणारही नाही की कधी वेगळं वाजवत होते. अंजनाबाईंनी परत सुरू केलं. तिसऱ्या वेळेला हात थांबला. कवडूभाऊ म्हणाले, इथंच राहावं लागेल, दुपारी कोणतं गाव ते कळतं आणि तीनला गाडी निघते. बायांची खोली आहे.

घरी येऊन सांगितलं, तर बाबांनी भाताचं ताट सरकवलं.

"नाटकात? मी लाखांदुरातून बोचकं घेऊन निघालो तं मागं वळून पाह्यलं नाई. त्या झाडीतून निंगालो म्हनून तुमी शिकल्या. अन् तू डिग्री घेऊन वापस तिथंच?"

मी म्हणाले, "काम हाये तिथं, बाबा. रोज हाये. मुंबईत बी हाये, पण..."

"मुंबई अलग हाये! वंदी मुंबईले गाते, मी चारचौघांत सांगतो. तुयं काय सांगू? पोट्टी मंडईच्या जत्रेत ढोलक बडवते?"

ताई, त्या वेळी माझ्याकडे एक वाक्य होतं. ते म्हटलं असतं तर भांडण तिथेच संपलं असतं. तोंडापर्यंत आलं होतं. आई मीठ घेऊन मध्येच उभी होती, माझ्याकडे बघत. ती काहीतरी समजते, मला माहीत नाही किती. मी गिळलं ते वाक्य. त्यानंतर बाबा माझ्याशी बोललेले नाहीत. रिटायर माणूस दिवसभर घरात असतो आणि बोलत नाही, हे फार वाईट असतं. खिडकीचे पल्ले स्वतः बसवतात, आणि मला सांगायचं ते सुताराला सांगतात.

गौरव सरांना अजून उत्तर दिलेलं नाही. तुला एकच विचारायचं आहे, आणि हे टोमण्याने विचारत नाही. पाच वर्षांनीही तुझा श्वास तसाच आहे. तू तो जपून ठेवला आहेस, की तो बदलायला तुला कुणी सांगितलंच नाही, कारण आवाज पुसायचाच होता? यावर माझं बरंच अवलंबून आहे. धनत्रयोदशीपर्यंत वाट बघते.

निशा

---

कुरुद
१९ ऑक्टोबर

ताई,

काल धनत्रयोदशी झाली. तुझं उत्तर आलं नाही.

आज सकाळी मी गौरव सरांना फोन करून नाही म्हणाले. त्यांनी कारण विचारलं. मी म्हणाले, मला गाणाऱ्यासोबत वाजवायचं आहे. "मुंबईतही गाणारे आहेत, बाळा," ते म्हणाले, रागावले नाहीत. बरोबरच आहे त्यांचं. कदाचित दोन वर्षांनी मी त्यांनाच फोन करीन, आणि तेव्हा तो दुसरा मुलगा तिथे बसलेला असेल. हे मला दिसतं आहे. मी काही फार शूर होऊन हे केलेलं नाही, परवा आईच्या मांडीवर डोकं ठेवून रडले.

फोन ठेवला तेव्हा बाबा दारात उभे होते. सगळं ऐकलं असणार. "मुंबई नाई म्हटली?" आठ-दहा दिवसांनी पहिलं वाक्य.

"हो."

"वंदीचं काई भांडन झालं का तुयं?"

"नाई."

त्यांना पुढे विचारायचं होतं. मी उभी राहिले. विचारलं असतं तर यावेळी मी खोटं बोलले नसते, हे त्यांना माझ्या तोंडावरून कळलं असावं. त्यांनी नजर वळवली, हातातला स्क्रू पिळायचा पेचकस खिशात घातला आणि वेगळंच काढलं. "लाखांदूरकडचे लोक नाटक पुरं पाह्यतात. रातभर, पहाटलोक. लेकरं झोपतात, मोठे नाई झोपत. मोठे झोपले तं समजायचं, वाजवनारा खराब हाये." आणि जाता जाता, "तुया मायले नको सांगू मी सांगितलं म्हनून. ती म्हनन, रोज कोनते नाटक पाह्यत होता."

आई आतून म्हणाली, "ऐकलं मी."

भाऊबीजेला पहिला प्रयोग आहे. मी परवा सकाळच्या गाडीने निघते. बाबा गोंदियापर्यंत येतो म्हणतात, वडशापर्यंत नाही. एवढं पुष्कळ आहे.

आता तुझं. मी तुला वडशाला बोलावत नाही. अंजनाबाईंनी विचारलं होतं, घरात आणखी कुणी गातं का, आणि मी गप्प बसले. तुझं शहर तू निवडलं आहेस, तिथे तू वेळेवर जातेस, तुझं काम चोख करतेस. ते कमी आहे असं मी कुठेही म्हटलेलं नाही, म्हणणारही नाही. पण आतापर्यंत बाबांनी काही विचारलं की मध्ये मी असायचे. परवापासून या घरात ते दोघेच. बाबांना आता ड्युटी नाही, दिवसभर विचार करायला वेळ आहे. ते विचारतील, आई उत्तर देईल, आणि आईला खोटं बोलता येत नाही. तिचं तिलाच रडू येतं.

पत्र पोचायला चार-पाच दिवस लागतात, वर दिवाळी. म्हणून मी जरा पुढचा दिवस धरला. दोघांना सांगितलं आहे की रविवारी, २ नोव्हेंबरला, संध्याकाळी ताईचा फोन येणार आहे, आणि ती काय काम करते ते स्वतः सांगणार आहे. त्या संध्याकाळी पद्मनाभपूरला एका लग्न ठरलेल्या घरी साक्षगंधाचं जेवण आहे, तिथे येत नाही म्हणून बाबांनी कळवून टाकलं.

हे मी तुला न विचारता सांगितलं आहे.

निशा